घरोघरी : ताटातला भात कोठून येतो?

गेल्या महिन्यात एका साखरपुड्याला आम्ही नांदेडहून लातूरला गेलो होतो. लोहा, अहमदपूर, चाकूर करीत एसटी लातूरला पोहोचली, तेव्हा पाहुणेमंडळी जमली होती. तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा मांडलेली होती. बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील दिले आणि मग रीतीप्रमाणे दोन्हीकडच्या नातेवाइकांची ओळख सुरू झाली. मुलाचे वडील सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, नांदेडला राहणारे, बोलण्यात वाकबगार. त्यांनी मेहुण्यांची ओळख करून दिली, साडूंची करून दिली, ओळखीच्या साहेबलोकांची तर हुद्द्यासकट करून दिली. शेवटी दाराजवळ उभ्या असलेल्या धाकट्या भावाकडे बोट दाखवून ते म्हणाले, “अन् हा आमचा बारक्या. ह्याला काही विचारू नका. ह्याला शाळेपेक्षा म्हशीची पाठ गोड लागली.”

बैठकीत हशा पिकला. बारक्याही हसला. बारक्या म्हणजे पासष्टी ओलांडलेला, केस पांढरे झालेला, नातवंडांचा आजोबा. स्वयंपाकघराच्या दारात त्याची पत्नी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती हसली नाही.

पुढे दोन तास आम्ही तेथेच बसून होतो आणि जे पाहिले ते असे. जेवणापूर्वी दादांनी खिसे चाचपले आणि हाक मारली, “बारक्या, माझी गोळी?” बारक्याने आपल्या कापडी पिशवीतून साखरेच्या आजाराची गोळी काढून दिली. लग्नाची तारीख ठरविताना दादा पुन्हा त्याच्याकडेच वळले, “सोयाबीन कधी निघंल रे?” कारण लग्नाचा निम्मा खर्च त्या सोयाबीनवर अवलंबून होता. मुलीच्या मामांनी गावच्या भावकीबद्दल काही विचारले, तर दादांना उत्तर देता येईना. तेही बारक्यानेच दिले. आणि निघताना वरबापाच्या हातात फक्त छत्री होती. आहेराच्या पिशव्या कोणाच्या डोक्यावर होत्या, ते सांगायला नकोच.

वाचकहो, हे घर आम्हाला चाळीस वर्षांपासून ठाऊक आहे. नाव सांगत नाही, गाव सांगत नाही. ज्यांची ही हकीकत आहे त्यांना विचारूनच लिहीत आहोत. पण खरे सांगायचे तर नाव सांगण्याची गरजही नाही. नांदेड-लातूरकडच्या ज्या घरात एक भाऊ शहरात आणि एक भाऊ गावात आहे, त्यांतल्या बऱ्याच घरांत एक ‘दादा’ आणि एक ‘बारक्या’ आहे.

परतीच्या गाडीत बारकेभाऊ आमच्या शेजारी बसले. चाकूर मागे पडल्यावर हळूच म्हणाले, “भाऊ, दादा वाटणी मागायलाय. रान इकून नांदेडला फ्लॅट घेऊ म्हणायलाय. म्या काय करावं?” आम्ही त्यांना गाडीत नीट उत्तर देऊ शकलो नाही. आजचे हे सदर म्हणजे ते राहिलेले उत्तर आहे.

आधी हा बारक्या शाळेतून का गेला ते पाहू. सन १९७२. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना या सालाबद्दल अधिक काही सांगायला नको. पाऊस पडला नाही, विहिरी आटल्या, जनावरे मातीमोलाने गेली, आणि माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला, पाझर तलावाची माती उपसायला गेली. पोटाला सुकडी मिळाली. त्या साली दादा मॅट्रिकला होते आणि बारक्या सातवीत होता. दोघेही हुशार. बापाने दोघांना समोर बसवून सांगितले की, दोघांची शाळा आता होणार नाही, एकाचीच होईल. मोठ्याचे शेवटचे वर्ष होते, म्हणून धाकट्याचे वय वाढवून सांगितले गेले आणि त्याचे नाव मस्टरवर चढले. तेरा वर्षांचा पोरगा. त्याच्या हजेरीचे पैसे आठवड्याला बापाच्या हातात पडत आणि त्यातूनच दादांच्या खोलीचे भाडे, दादांच्या परीक्षेची फी जाई. पुढे दादा औरंगाबादेला मिलिंद महाविद्यालयात गेले. बाबासाहेबांनी १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने सुरू केलेले हे महाविद्यालय आमच्या मराठवाड्यातल्या किती घरांचा उंबरठा ठरले, ते वाचकांना माहीत आहे. पण त्या उंबरठ्यापर्यंत दादांना कोणी पोहोचविले? म्हशीच्या पाठीवर बसणारा पोरगा नव्हे, खडी फोडणारा पोरगा.

दुसरी गोष्ट १९७८ ची. त्या वर्षी २७ जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आगडोंब उसळला. आमच्या नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांचा बळी गेला. वस्त्या जळाल्या, लोक गाव सोडून पळाले. त्या रात्री दादा औरंगाबादेत होते. गावात म्हातारे आईबाप आणि बारक्या. लोक येत आहेत असे कळताच बारक्याने आईबापाला उभ्या पिकात नेऊन बसविले, आणि मग एकटा परत घरात गेला. कशासाठी? भांड्यांसाठी नव्हे, दाण्यांसाठी नव्हे. एका पत्र्याच्या पेटीसाठी. त्या पेटीत दादांची मॅट्रिकपासूनची सर्टिफिकिटे होती. ती पेटी डोक्यावर घेऊन तो पिकात आला आणि पावसात भिजू नये म्हणून रात्रभर तिच्यावर मायचे लुगडे धरून बसला. दादांना नोकरी लागली ती त्याच कागदांवर. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला, तेव्हा दादांनी नांदेडला पेढे वाटले. पेटीची गोष्ट त्यांच्या तोंडून आम्ही कधी ऐकली नाही. ती आम्हाला माय सांगत असे.

तिसरी गोष्ट अलीकडची. दादांच्या याच मुलाला अभियांत्रिकीला प्रवेश घ्यायचा होता. जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा हवा होता. दादांनी नांदेडात बसून चार जणांना फोन केले. शेवटी गावच्या शाळेत जाऊन, निजामाच्या काळातले उर्दूतले दाखल-खारीज रजिस्टर शोधून, आजोबांच्या भावाची नोंद काढून, ती वाचायला आणि भाषांतराला जाणता माणूस धरून, तहसीलच्या सतरा चकरा मारून तो कागद हाती आणला तो अडाणी म्हणविल्या जाणाऱ्या चुलत्यानेच. गावातले जुने कोण, कोणाकडे काय कागद, कोणत्या गुरुजींचा स्वभाव कसा, हे शहाण्या भावाला ठाऊक नव्हते.

आणि मायची तर गोष्टच करू नये. शेवटची चार वर्षे ती अंथरुणावर होती. बारक्याची पत्नी तिचे हागणे-मुतणे काढीत होती. दादा दिवाळीला येत, दोन तास बसत आणि जाताना भावजयीला म्हणत, “मायला नीट सांभाळत जा.” ती तेव्हाही हसत नसे.

आता प्रश्न असा की, ज्याच्यावाचून आपले पान हलत नाही, त्यालाच माणूस चारचौघांत पायपुसण्यासारखे का वागवितो? सोपे उत्तर असे की, शिकून माणूस माजतो. आम्हाला ते पटत नाही. शिकलेले आणि नम्र असे शेकडो बांधव आपल्या समाजात आहेत. आम्हाला वाटते, गोष्ट उलटी आहे. दादांना आपण किती मोठे झालो याचा माज नाही. आपण कोणाच्या जिवावर मोठे झालो, हे कोणी बोलून दाखवील याची त्यांना भीती आहे. दादांनी आयुष्यभर मुलांना, साहेबांना, शेजाऱ्यांना एकच गोष्ट सांगितली आहे : मी फाटक्या चपलेने शाळेत गेलो आणि स्वतःच्या हिमतीवर वर आलो. फाटकी चप्पल खरी आहे, हिंमतही खरी आहे. पण त्या गोष्टीत खडी फोडणारा भाऊ बसत नाही. तो दारात उभा राहिला की गोष्ट खोटी पडते. म्हणून त्याला ‘म्हशीमागे गेलेला’ करावे लागते. तो आळशी होता, त्याला अभ्यास नको होता, असे एकदा ठरले की देणे उरत नाही. सावकार कर्जदाराला शिव्या देतो हे आपण पाहिले आहे. येथे कर्जदारच सावकाराला शिव्या देतो आहे.

ही आजची गोष्ट नाही, अडीच हजार वर्षांपूर्वीचीही आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गाच्या सातव्या खंधकाची सुरुवातच दोन भावांनी होते. महानाम आणि अनुरुद्ध हे शाक्य कुळातले सख्खे भाऊ. शाक्यांचे अनेक तरुण तथागतांच्या संघात जात होते, आपल्या घरातूनही कोणी तरी जावे असे महानामाला वाटले. अनुरुद्ध म्हणाला, मी सुकुमार आहे, मला ते झेपणार नाही, तूच जा. तेव्हा महानामाने त्याला शेती समजावून सांगितली. आधी नांगरायचे, मग पेरायचे, पाणी द्यायचे, पाणी काढून टाकायचे, निंदायचे, कापायचे, पेंढ्या आणायच्या, मळायचे, उफणायचे, साठवायचे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा सारे पहिल्यापासून. अनुरुद्धाने विचारले, हे काम संपते कधी? महानाम म्हणाला, संपत नाही. बाप मेला, आजा मेला, काम संपले नाही. अनुरुद्ध घाबरला आणि म्हणाला, मग घर तूच सांभाळ, मीच प्रव्रज्या घेतो!

याच अनुरुद्धाची आणखी एक गोष्ट अट्ठकथेत येते. भात कोठून येतो यावर तीन शाक्यकुमारांचा वाद झाला. किंबिल म्हणाला, कोठारातून येतो. भद्दिय म्हणाला, हंड्यातून येतो. अनुरुद्ध म्हणाला, सोन्याच्या ताटातून येतो. त्याने भात नेहमी ताटातच पाहिला होता. आमचे दादा आणि त्यांच्यासारखे पुष्कळ जण आज याच जागी आहेत. गावाकडून ज्वारी-तुरीची पोती एसटीच्या टपावरून, टेम्पोतून येतात, आणि त्यांना वाटते, धान्य पोत्यातून येते.

पण अनुरुद्धाबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याला भावाचे कष्ट माहीत नव्हते, पण कळल्यावर त्याने भावाची टवाळी केली नाही. महानाम घरी राहिला म्हणून आपण जाऊ शकलो, हे ते दोघेही जाणून होते. पुढे अनुरुद्ध थोर अर्हत झाला आणि महानाम थोर उपासक झाला. दोघांचेही नाव राहिले.

त्याच वेळी, त्याच तुकडीबरोबर, आणखी एक जण संघात आला होता. तो देवदत्त, तथागतांचा चुलतभाऊ. उत्तरेकडच्या काही परंपरा तर त्याला आनंदाचा सख्खा भाऊ मानतात. हे शाक्यकुमार तथागतांकडे आले तेव्हा त्यांच्याबरोबर उपाली नावाचा न्हावी होता. कुमारांनी स्वतःच विनंती केली की, आधी उपालीला दीक्षा द्यावी. म्हणजे तो संघात आम्हाला वडील ठरेल, आम्हाला त्याला वंदन करावे लागेल, आणि आमचा शाक्यपणाचा गर्व उतरेल. तसेच झाले. सहा राजपुत्र एका न्हाव्यापुढे वाकले. त्यांत देवदत्तही वाकला. बाकीच्यांचा गर्व उतरला, देवदत्ताचा उतरला नाही.

पुढची कथा वाचकांना ठाऊक आहे. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ती घेतली आहे. देवदत्ताने संघाचे पुढारीपण मागितले, ते मिळाले नाही, तेव्हा त्याने गृध्रकूटावरून शिळा लोटली, नालागिरी हत्ती सोडविला. पण या शिळा-हत्तीच्या गोंधळात एक बारीकसा प्रसंग आपल्या नजरेतून निसटतो. देवदत्ताने संघात फूट पाडली आणि पाचशे नवे भिक्खू घेऊन तो गयाशीर्षाला गेला. तेथे त्याने रात्री उशिरापर्यंत उपदेश केला आणि मग सारिपुत्ताला म्हणाला, माझी पाठ दुखते आहे, आता तू बोल, मी जरा आडवा होतो. वाचकहो, ही तथागतांची रीत होती. थकल्यावर ते सारिपुत्त-मोग्गल्लानांना असेच सांगत आणि संघाटी अंथरून पहुडत. ज्याला देवदत्त तुच्छ लेखत होता, त्याचेच बोलणे, त्याचीच बैठक, त्याचीच पाठदुखी त्याने उचलली होती! अंगावरचे चीवर तथागतांचे, पुढे बसलेले भिक्खू तथागतांच्याच संघातून नेलेले, आणि ज्याला आता उपदेश करायला सांगितले तो सारिपुत्तही तथागतांचाच. देवदत्ताचे स्वतःचे असे तेथे काय होते? फक्त झोप. तो घोरू लागला, आणि सारिपुत्त-मोग्गल्लान त्या पाचशेंना समजावून परत घेऊन गेले. कोकालिकाने त्याला जागे केले तेव्हा समोरची जागा रिकामी होती.

भावाला हिणविणाऱ्याची अशीच गत होते. तो ज्याच्यावर उभा असतो, त्यालाच लाथ मारतो. आणि एके दिवशी खालची जमीन उठून चालू लागते.

आता आपल्या घरातले उदाहरण पाहू. सुभेदार रामजी आंबेडकर मुलांना घेऊन मुंबईला परळच्या डबक चाळीत राहत होते. पेन्शन तुटपुंजी. आनंदराव आणि भीमराव या दोघांनाही हायस्कूलात ठेवणे त्यांना शक्य झाले नाही. शेवटी थोरल्या आनंदरावांची शाळा थांबली, त्यांना नोकरीला लागावे लागले, आणि भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलात शिकत राहिले. १९१३ साली सुभेदार वारले आणि त्याच वर्षी भीमराव अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले. आपण जयंतीच्या मिरवणुकीत कोलंबियाचे नाव घेतो, लंडनचे घेतो. नोकरीच्या ठिकाणी घाम गाळणाऱ्या आनंदरावांचे नाव किती जण घेतात? पण बाबासाहेब स्वतः विसरले नाहीत. आनंदराव गेल्यानंतर त्यांची पत्नी लक्ष्मीबाई आणि मुलगा मुकुंद बाबासाहेबांच्या घरातच, त्यांचे म्हणूनच राहिले. जगातल्या थोर विद्वानांत ज्यांची गणना झाली, त्यांनी आपल्या अर्ध्यावर शाळा सुटलेल्या भावाचे घर आपले मानले. आमच्या नांदेडच्या दादांची पदवी बाबासाहेबांच्या पदव्यांहून मोठी आहे काय?

२५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणात बाबासाहेबांनी बजावले होते की, बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता वरवरची राहतील, अंगी मुरणार नाहीत. आपण बंधुता हा शब्द नेहमी दुसऱ्या समाजाच्या तोंडावर फेकतो. त्यांनी आमच्याशी बंधुतेने वागावे, असे म्हणतो, आणि ते म्हणणे योग्यच आहे. पण या शब्दातला ‘बंधू’ आपल्या उंबरठ्याच्या आतही बसलेला आहे. ज्याला गावाने ‘ए’ म्हणून हाक मारली, त्याला सख्ख्या भावानेही ‘ए बारक्या’च म्हणावे? मग त्याने जावे कोठे?

येथे आमचाही कबुलीजबाब देऊन टाकतो, नाही तर हे लिहिण्याचा हक्क आम्हाला पोहोचत नाही. आमच्या शिक्षणासाठी आमची थोरली बहीण चौथीतून घरी बसली. धाकट्यांना सांभाळले, सरपण आणले, दुसऱ्याच्या रानात निंदायला गेली. नोकरी लागल्यावर आम्ही कित्येक वर्षे मित्रांसमोर तिच्या बोलण्याची नक्कल करून लोकांना हसविले. तीही हसत असे. तिला वाईट वाटत असेल, हे तिच्या मातीच्या दिवशी आमच्या ध्यानात आले. आता माफी कोणाकडे मागावी? म्हणून दादांना सांगतो, तुमचा भाऊ अजून जिवंत आहे. तुम्ही आमच्यापेक्षा भाग्यवान आहात.

आता बारकेभाऊंच्या प्रश्नाकडे येतो.

पहिली गोष्ट अपमानाची. राजगृहाला भारद्वाज गोत्राचा एक ब्राह्मण तथागतांना शिव्या देत आला. तथागतांनी त्याला शांतपणे विचारले, तुझ्या घरी पाहुणे येतात काय? येतात. त्यांना जेवण वाढतोस काय? वाढतो. त्यांनी ते घेतले नाही तर ते कोणाचे? माझेच. तसेच हे तुझे शिव्यांचे ताट, आम्ही ते घेत नाही. बारकेभाऊ, यातला बारकावा पाहा. तथागतांनी उलट शिवी दिली नाही, पण ते हसून गप्पही बसले नाहीत. ‘घेत नाही’ असे तोंडाने सांगितले. तुम्ही इतकी वर्षे हसून ते ताट घेत आलात आणि घरी जाऊन ते तुमच्या बायकोच्या पुढ्यात ठेवीत आलात. मैत्री म्हणजे लाचारी नव्हे. पुढच्या वेळी चारचौघांत दादा बोलले तर रागावू नका, ओरडू नका, फक्त एवढेच म्हणा : “दादा, बहात्तर साली मी शाळा का सोडली, ते तुला ठाऊक आहे.” इतकेच. पुढे एक शब्दही बोलू नका.

दुसरी गोष्ट रानाची. तुमचे दोन एकर हे गायरान आहे. १९६४ च्या डिसेंबरात दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा मोठा सत्याग्रह झाला, त्यात तुमचे वडील होते, आणि त्यानंतर त्यांनी हे रान वहितीखाली आणले. पुढे ते त्यांच्या नावे झाले. सात-बारा काढून भोगवटादार वर्ग पाहा. वर्ग २ असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ते विकता येत नाही. कोणी व्यापारी बाँडवर इसार देत असेल तर सही करू नका. दादा मागतात म्हणून भावनेच्या भरात हक्कसोडपत्रही लिहून देऊ नका. आणि दादांचा हिस्सा नाकारूही नका. बापाची जमीन आहे, कायद्याने त्यांचा वाटा आहे.

पण बारकेभाऊ, रागावणार नसाल तर एक विचारतो. वाटणी म्हणताना तुम्ही दोघे भाऊच मोजता आहात. तुमच्या दोन बहिणी कोठे गेल्या? १९५६ चा वारसा कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे आणि मृत्युपत्र न करता गेलेल्या बापाच्या मिळकतीत मुलाइतकाच वाटा मुलीला आहे. दादांनी तुम्हाला गोष्टीतून वगळले तसे तुम्ही बहिणींना हिशेबातून वगळले. हिणवलेला माणूसही दुसऱ्याला विसरू शकतो. चौघांनी एकत्र बसा. विहारात बसा, बाबासाहेबांच्या फोटोखाली बसा. कोणी काय केले, कोणी काय सोडले, ते आधी बोला आणि मग जमिनीचे बोला. आमचा अनुभव असा की पहिले नीट बोलले गेले तर दुसऱ्याला वकील लागत नाही.

आणि दादांसाठी दोन शब्द. हे साप्ताहिक तुमच्या घरी येते हे आम्हाला ठाऊक आहे. तुम्ही वाईट माणूस नाही. समाजाच्या कामाला वर्गणी देता, जयंतीला पुढे असता, तुमच्या शब्दावर दोन पोरे नोकरीला लागली. पण तुमच्या मुलाच्या लग्नात मांडवात ओळखी होतील, तेव्हा एक करून पाहा. भावाला दाराजवळून उठवा, आपल्या शेजारी बसवा, आणि त्यांचे पूर्ण नाव घेऊन सांगा की, हे माझे बंधू. १९७२ साली यांनी खडी फोडली म्हणून मी शिकलो. तुमची उंची त्याने एक बोटभरही कमी होणार नाही. उलट, इतकी वर्षे जी गोष्ट लपविण्यासाठी तुम्हाला हसवावे लागत होते, ती लपविण्याचा शीण जाईल. तुमचा मुलगा पाहत असेल, सून पाहत असेल. म्हातारपणी तुम्हाला कोण कसे वागविणार, हे ते त्या दिवशी शिकतील.

मांडवात हे ऐकताना स्वयंपाकघराच्या दारात एक बाई उभी असेल. तिला मात्र दारात उभे ठेवू नका. तुमच्या मायला तिने सांभाळले आहे. तिला आत बोलवा, खुर्ची द्या, आणि त्या दिवशी पाण्याचा तांब्या तुम्ही स्वतः तिच्या हातात द्या.

लग्नाचे आमंत्रण आम्हाला आहे. सोयाबीन निघाले की तारीख ठरणार आहे. आम्ही येणार आहोत.

जयभीम!